माणसं सगळ्यात खोलवर कशानं तुटतात? (भाषणं नकोत, अनुभव सांगा)

सातपूरकर

मंडळी, आमचा सकाळी नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर फिरणाऱ्यांचा ग्रुप आहे. चकरा कमी, चहा जास्त. एकाच्या नातीला वक्तृत्व स्पर्धेत विषय आला होता, मानवी समाजातली सर्वात खोल दरी कोणती. नातीची स्पर्धा होऊन गेली, तिला उत्तेजनार्थ मिळालं, आम्ही म्हातारे अजून तिथेच अडकलोय. एक जण म्हणतो धर्म. बँकेतून रिटायर झालेले काका म्हणतात शिक्षण. एकाचं म्हणणं, बाईमाणूस आणि बाप्यामाणूस याहून जुनी फूट नाही. तिसऱ्या कपाला आवाज चढतात.

माझं मत सांगतो. आयुष्य सातपूर एमआयडीसीत गेलं. आमच्या कॅन्टीनमध्ये परमनंट माणसाला हिरवं कूपन, ठेकेदाराच्या माणसाला पांढरं. ताटात तेच वरण, तीच भाजी, तेच पातळ ताक. पण टेबलं आपोआप वेगळी झाली आहेत. कुणी फलक लावला नाही, कुणी सांगितलं नाही. एकाच लाइनवर, एकाच मशीनवर, एक जण पहिल्या पाळीला आणि दुसरा दुसऱ्या पाळीला. पगारात निम्म्याहून जास्त फरक. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याखालच्या नियमांत सारख्या कामाला सारखा पगार लिहिलेला होता, तो आम्ही सगळ्यांनी युनियन ऑफिसच्या भिंतीवर वाचलाय. दर ॲग्रीमेंटला आमची वाढ होते आणि त्यांना दिवाळीला सोनपापडीचा डबा. सख्खे भाऊ बघितलेत मी, थोरला परमनंट, धाकटा ठेक्यावर. घरी एका ताटात जेवत असतील, कॅन्टीनमध्ये नाही.

एक आई, एक बाप, एक जात, एक गाव. तरी टेबल वेगळं. म्हणून मी म्हणतो, पैसा आणि नोकरीची शाश्वती. बाकी सगळं त्यावरचा रंग.

तुम्हाला काय दिसतं ते लिहा. पक्षांची नावं आणू नका, हात जोडतो.


मिसळ_पापड_दही

पक्षांची नावं नको म्हणालात आणि आमचं उत्तरच काढून घेतलंत. शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपचे आमच्या तीन ग्रुप झाले. ज्यांनी एका बाकावर बसून कॉप्या केल्या ते आता एकमेकांच्या पोरांच्या लग्नाला जात नाहीत.

तूर्तास जागा धरून ठेवतो. काकू येऊ द्या.


सूचककाकू

आले. मिसळवाल्या, तुझं स्थळ अजून माझ्याकडे पडून आहे, जरा जपून.

नवीन लोकांसाठी: मी कॉलेज रोडच्या एका बोळात वधू-वर सूचक केंद्र चालवते. आधी सासूबाई चालवायच्या, लाल कापडी बांधणीच्या वह्यांत. आता कॉम्प्युटर आहे, पण फॉर्म तोच. या प्रश्नाचं माझं उत्तर त्या फॉर्मातून आलेलं आहे.

नाव, जन्मवेळ, रास, नाडी, रक्तगट, उंची, शिक्षण, पगार, शेती, स्वतःचं घर, जात, पोटजात, अपेक्षा. एवढे रकाने. त्यातल्या जवळजवळ प्रत्येकावर घासाघीस होते. उंची दोन इंच कमी असली तर 'फोटोत कळत नाही'. एकनाड आली तर गुरुजी तोडगा काढतात. मंगळ तर हल्ली निम्म्या पत्रिकांत सौम्यच असतो. पगार कमी असेल तर 'मुलगा हुशार आहे, वाढेल'. जातीच्या रकान्यावर मात्र घासाघीस होत नाही. तिथे लोक आवाज खाली करतात.

शिकलेली मंडळी अपेक्षांच्या रकान्यात लिहितात, 'जातीची अट नाही.' त्याच ओळीत पुढे, 'एससी, एसटी क्षमस्व.' वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातींत तुम्हीही वाचलं असेल. मला त्या क्षमस्वचा फार राग येतो. दार लावायचं तर लाव, वर नमस्कार कशाला?

मागे एक जोडपं आलं होतं. मुलगा पुण्यात आयटीत. गृहस्थ खुर्चीत बसता बसताच म्हणाले, "मॅडम, आम्ही पत्रिका-बित्रिका मानत नाही. माणसं चांगली हवीत, बास." मी फाइल पुढे केली. उलटता उलटता एका मुलीपाशी थांबले. एम.टेक., नोकरी हिंजवडीतच, आईवडील दोघंही शिक्षक. गृहस्थांनी खिशातून चष्मा काढला. चष्मा निघाला की मनावर घेतलं असं समजायचं, हा माझा धंद्यातला अनुभव. त्यांनी फाइल बायकोकडे सरकवली. बाईंनी फोटो बघितला, छान हसल्या, मग बोट हळूहळू खाली नेलं आणि आडनावावर ठेवलं. नुसतं ठेवलं, एक अक्षर बोलल्या नाहीत. गृहस्थांनी चष्मा घडी घालून परत खिशात टाकला आणि मला विचारलं, "पत्रिका आहे का हो हिची? बघून घेऊ म्हणतो."

सातपूरकर भाऊ, नोकरी-पैशाची फूट मीही रोज बघते. निफाड, दिंडोरीकडची पोरं येतात. दहा-दहा एकर द्राक्षबाग, बंगला, दारात गाडी, आणि मुलगी मिळत नाही. त्यांच्याच जातीच्या, शेजारच्या गावच्या मुलींना पुण्यात भाड्याच्या वन बीएचकेत राहणारा नोकरदार हवाय. पस्तिशी गाठलेली पोरं आहेत, त्यांच्या आया माझ्यासमोर पदर डोळ्याला लावतात. (मुलींचंही चूक म्हणवत नाही मला. गारपीट एका रात्रीत काय करते ते त्यांनी माहेरी बघितलेलं असतं.) पण ही फूट हलते. त्याच घरातल्या धाकट्याने अंबडच्या एमआयडीसीत नोकरी धरली की वर्षाच्या आत जमतं, पगार मग बागेच्या औषधांच्या बिलाएवढा का असेना. तुमच्या कॅन्टीनमधला पांढऱ्या कूपनाचा पोरगा उद्या परमनंट झाला तर हिरव्या टेबलावर बसेलच ना? जातीचा रकाना कुठल्या ॲग्रीमेंटने बदलतो ते सांगा. गाव सोडून बदलत नाही, देश सोडूनही नाही. परदेशातल्या मुलांचे फॉर्म माझ्याकडे सगळ्यात कडक, पोटजातीसकट. अमेरिकेत सिॲटल शहराला २०२३ मध्ये जातीवरून भेदभावाला बंदी घालणारा कायदा करावा लागला, तो काही तिथल्या गोऱ्या लोकांमुळे नव्हे.

२०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात देशभरातली आंतरजातीय लग्नं शंभरात जेमतेम पाच निघाली. त्याच पाहणीत २७ टक्के घरांनी कुठल्या ना कुठल्या रूपात शिवाशीव पाळतो असं आपल्या तोंडाने सांगितलं. दारात वही घेऊन आलेल्या परक्या माणसाला कबूल करणारे इतके.

आपलं सरकारही गमतीचं. आंतरजातीय जोडप्यातला एक जण मागास प्रवर्गातला असला तर ५०,००० रुपये देतं. आणि दोघं १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने लग्न करायला गेली तर तीस दिवस त्यांची नोटीस फलकावर लावतं. फलक वाचणारे रिकामटेकडे सगळीकडे असतात. घरी फोन जातो.

आणि हो, माझ्या कपाटातल्या फायली जातीप्रमाणेच लावलेल्या आहेत. सरमिसळ लावून बघितली तर गिऱ्हाईक पान उलटायला तयार होत नाही. धंदा बंद करून समाजसुधारणा करायला मला परवडत नाही, हे आधीच सांगते, म्हणजे कुणी विचारायला नको.


क्लासवाले_सर

काकू, लेखन आवडलं. तरी थोडं मागे जाऊन बघू या.

हेन्री ताजफेल नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या सुमारास इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांवर प्रयोग केले. मुलांना चित्रं दाखवली, काही पॉल क्लीची, काही कांडिन्स्कीची. मग सांगितलं, तू क्ली आवडणाऱ्यांच्या गटात, तू कांडिन्स्कीच्या. प्रत्यक्षात वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी होती. कोण कुठल्या गटात ते मुलांना दिसतही नव्हतं. नंतर प्रत्येकाला सांगितलं की दोन्ही गटांतल्या मुलांना थोडे थोडे पैसे वाट, स्वतःला काही घ्यायचं नाही. मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं हे ओघानेच आलं. मजा पुढे आहे. आपल्या गटाला जास्तीत जास्त पैसे मिळतील असा पर्याय समोर असताना अनेकांनी आपल्याला थोडे कमी, पण समोरच्यांना त्याहून खूप कमी, असा पर्याय निवडला. फरक जपायला ते स्वतःच्या गटाचं नुकसान सोसायला तयार होते.

म्हणजे फुटीला जात लागत नाही, पैसा लागत नाही. निमित्त पुरतं. सातपूरकरांच्या कॅन्टीनमध्ये कूपनाचा रंग पुरला.


हतगडकर

सरांनी सांगितलेली पोरं पोटभर जेवून प्रयोगाला बसली होती, एवढंच म्हणतो.

मी सुरगाणा तालुक्यातला. सध्या म्हसरूळला खोली करून राहतो, कुरिअरचं काम. काकूंच्या निफाड-दिंडोरीच्या बागा मला आतून माहीत आहेत, कारण लहानपणी दिवाळी झाली की आमचं घर तिकडे जायचं. पिकअपमध्ये माणसं, भांडी, कोंबड्या, सगळं एकत्र. गोडी छाटणी, काड्यांना पेस्ट लावणं, विरळणी, घड औषधात बुडवायचं डिपिंग. एकरी उक्तं काम, हिशोब मुकादमाकडे. पेस्ट लावताना हातमोजे फाटले की बोटांची सालं निघायची, आईची बोटं मार्चपर्यंत तशीच असायची. मालक माणूस वाईट नव्हता. माझी बहीण तापाने फणफणली तेव्हा रात्री स्वतःच्या जीपमधून पिंपळगावला दवाखान्यात घेऊन गेला. बिल त्यानेच भरलं, नंतर कापलं नाही. पण आमच्या चहाचे कप गोठ्याच्या कोनाड्यात असायचे आणि ते आम्हीच विसळून परत तिथे ठेवायचे. तो कोनाडा जीपच्या रात्रीनंतरही तिथेच होता.

काकू म्हणतील, बघा, जातच. पण मला विचाराल तर त्याच्या खाली अजून एक थर आहे. आम्ही तिकडे का जायचो? तो आमच्याकडे छाटणीला का येत नव्हता? पाऊस तर आमच्याकडे निफाडच्या कितीतरी पट. नार, पार या नद्या भरून वाहतात आणि पाणी गुजरातेत जातं, एप्रिल-मेमध्ये बाया विहिरीत उतरून वाटीने हंडा भरतात. फरक सातबाऱ्याचा आहे. आजोबांनी कसलेली, बापाने कसलेली जमीन कागदावर वनखात्याची. ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याला सोसायटीचं कर्ज नाही, पीकविमा नाही, विहिरीची योजना नाही. मग दिवाळीनंतर पिकअप.

२००६ चा वनहक्क कायदा आला. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असाल तर चार हेक्टरपर्यंत हक्क. पुरावा आणा म्हणतात. आजोबांनी नांगर धरताना पावती कुठून घ्यायची? मार्च २०१८ ला नाशिकहून मुंबईपर्यंत शेतकऱ्यांचा मोर्चा चालत गेला, १८० किलोमीटर, त्यात निम्म्याहून जास्त आमच्यासारखीच आदिवासी माणसं दिसत होती. माझी मावशी होती. शेवटच्या दिवशी मुंबईत दहावीच्या पोरांची परीक्षा, रस्ते अडू नयेत म्हणून लोक रात्रीच चालत आझाद मैदानावर पोचले. मुंबईच्या लोकांनी पाणी दिलं, बिस्किटं दिली, चपला दिल्या. मावशी त्या चपला अजून वापरते, चांगल्या निघाल्या. दाव्याची फाइल अजून फिरतेय.

जमीन कुणाच्या नावावर आणि घाम कुणाचा, ही फूट सगळ्यात खोल आहे असं मला वाटतं. कपाचा कोनाडा तिच्यावर उभा आहे.


पंचवटीकर

हतगडकर, वयाने मोठा आहे म्हणून अरेतुरे करतो, राग मानू नकोस. तुझं आणि काकूंचं भांडण आपल्याच जिल्ह्यातल्या एका माणसाने आयुष्यभर दोन्ही टोकांनी लढवलेलं आहे.

माझं घर काळाराम मंदिरापासून हाकेच्या अंतरावर. २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली इथे सत्याग्रह सुरू झाला तेव्हा मंदिराचे दरवाजे बंद करून घेतले होते. दुसऱ्या दिवशी १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया दरवाजांसमोर बसल्या. ९ एप्रिलला रामनवमीचा रथ, त्या रथाच्या वादातून दगडफेक झाली. लढा पुढे काही वर्षं चालला आणि दार काही उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याच्या परिषदेत बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. ज्यांना वाटतं पैसा आला की फूट बुजते, त्यांनी लक्षात घ्यावं, दाराशी बसलेल्यांचं पुढारपण परदेशातून डॉक्टरेट आणि बॅरिस्टरी घेऊन आलेल्या माणसाकडे होतं. त्यालाही दार बंदच.

त्या सत्याग्रहाची इथली सगळी जुळवाजुळव ज्यांनी केली ते भाऊराव, म्हणजे दादासाहेब गायकवाड, दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे. म्हणजे तुझ्या द्राक्षांच्याच तालुक्यातले. याच माणसाने १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले. पडीक आणि सरकारी जमिनी कसणाऱ्याच्या नावावर करा, ही मागणी. तरुणपणी देवळाच्या दारासाठी बसलेला माणूस उतारवयात सातबाऱ्यासाठी तुरुंगात लोक पाठवत होता. यातलं आधी कुठलं आणि खाली कुठलं, हे त्यांना ठरवत बसावं लागलं नाही.

अवांतर: सिंहस्थाच्या कामांनी आमच्याकडे सध्या रस्ता कमी आणि खड्डा जास्त. बाहेरगावचे पाहुणे विचारतात, एकाच कुंभाला शैव आखाडे त्र्यंबकला कुशावर्तात आणि वैष्णव इथे रामकुंडात, असं का? पेशवाईत आधी स्नान कुणाचं यावरून साधूंमध्ये रक्तपात झाला, म्हणून स्नानाची ठिकाणंच वेगळी करून दिली. घरदार, जात, आडनाव सोडलेली माणसं ती. जायदाद नाही, मुलीचं लग्न नाही, ठेकेदार नाही. तरी पहिला कोण? क्लासवाले सर, तुमच्या क्लीवाल्या पोरांना इथे पाठवून द्या, दोन घटका करमणूक होईल.


क्लासवाले_सर

पंचवटीकर, माझाच मुद्दा माझ्यापेक्षा चांगला मांडलात.


सूचककाकू

सर, ताजफेलची पोरं संध्याकाळी घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी आपण क्लीवाले की कांडिन्स्कीवाले हे विसरली असतील. त्यांच्या नातवाला कुणी क्लीवाल्याचा म्हणून पाण्यापासून अडवलं नाही. निमित्ताने माणसं वेगळी बसतात हे खरं. पण किती दिवस, आणि पोटच्या पोरालाही तिथेच बसावं लागतं का, यावर मी खोली मोजते.

हतगडकर दादा, तुमचा थर मला दिसत नव्हता असं नाही. माझ्या फॉर्मात 'शेती किती एकर' हा रकाना आहे. जातीचा रकाना हाताने झाकून नुसता एकराचा आकडा दाखवा, झाकलेल्या रकान्यात काय असेल ते बहुतेक वेळा मी बरोबर सांगते. उलटही जमतं. तुमच्याकडची स्थळं माझ्याकडे येतच नाहीत, त्यामुळे कोनाड्यातल्या कपाची बाजू माझ्या फायलीत नाही हेही तितकंच खरं.

आता सातपूरकर भाऊ, धागा तुम्ही काढलात, तर उत्तर तुम्हीच द्या. तुम्हाला मुलगी आहे हे तुम्ही मागे एका धाग्यात लिहिलं होतं. दोन मुलं सांगून आली. पहिला तुमच्या जातीचा, स्वभावाने चांगला, पण तुमच्याच कंपनीत ठेकेदाराकडे. दुसरा तिथलाच, तितकाच चांगला, परमनंट, हिरवं कूपन, पण जात दुसरी. कुठली ते मी सांगणार नाही, तुमच्या मनात जी पहिली आली ती. काय सांगाल?


मिसळ_पापड_दही

पॉपकॉर्न आणले.


सातपूरकर

काकू, भर चौकात धरलंत.

पहिल्याला म्हणेन, परमनंट हो, मग बोलू. वर्ष-दोन वर्ष थांबायची तयारी आहे. ओळखीने कुठे चिकटतोय का तेही बघेन.

दुसऱ्याचं... मला स्वतःला काही अडचण नाही. पण घरी विचारावं लागेल. धाकट्या भावाशी बोलावं लागेल, त्याच्याही मुली आहेत. आणि गावी थोरले काका आहेत, त्यांच्या कानावर घातल्याशिवाय पुढे जाता यायचं नाही.


सूचककाकू

पहिल्याचा निकाल तुम्ही चहाचा कप खाली ठेवायच्या आत एकट्याने लावलात, वर नोकरीला हातभार लावायलाही निघालात. दुसऱ्यासाठी गावाहून काका आणावे लागतायत. पैशाची आडकाठी तुमच्या हातात आहे भाऊ, वाटलं तर तुम्ही ती उचलाल. दुसरीवर भावकीतल्या प्रत्येकाचा हात आहे, आणि प्रत्येक जण म्हणतो, मला स्वतःला काही अडचण नाही. माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून हे वाक्य न बोललेला बाप मी अजून पाहायचा आहे.


हतगडकर

काका झाले, भाऊ झाला. मुलीला कुणी विचारणार आहे का? मतदान करत असेल ना ती?


सातपूरकर

हो, एफवायला आहे. आत्ताच तिला हा धागा वाचायला दिला. म्हणाली, "बाबा, आधी माझी एटीकेटी निघू द्या. आणि त्या दुसऱ्याचा फोटो आहे का?"